घट्ट बसलेला भाग कसा सोडवावा?

ग्राइंडरच्या दुरुस्तीतील ‘प्रेस फिट’चे शास्त्र आणि सावधगिरी

ग्रिल, दरवाजे आणि जिने बनवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्राइंडरचा कर्कश आवाज दिवसभर चालू असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो नकोसा वाटतो. पण कारागिराच्या कानाला त्यातील बारीकसा बदलही लगेच कळतो. एके दिवशी त्या आवाजात घरघर मिसळते, हाताला कंप जाणवू लागतो, कार्बनपाशी ठिणग्या वाढतात आणि यंत्राचे तोंड नेहमीपेक्षा लवकर तापते. निदान बहुतेक वेळा एकच असते : बेअरिंग गेले. नवे बेअरिंग हार्डवेअरच्या दुकानात सहज आणि स्वस्तात मिळते. खरी अडचण जुने काढताना येते. ते आर्मेचरच्या शाफ्टवर असे घट्ट बसलेले असते, की बोटांनी जागचे हलत नाही, पक्कडीने सुटत नाही आणि हातोडी उचलली तर शाफ्ट वाकण्याची भीती असते. आर्मेचर बिघडले, तर बेअरिंगच्या कित्येक पट खर्च येतो आणि दुरुस्त होईपर्यंत त्या कारागिराची रोजची कमाई थांबते.

घरगुती ड्रिल असो, सुताराची गोल करवत असो वा वेल्डरचा ग्राइंडर, विजेवर चालणाऱ्या प्रत्येक हत्यारात असे दाबून बसवलेले भाग असतात. ते सोडवण्याचे ठरलेले शास्त्र आहे आणि त्यात अंगबळापेक्षा समजुतीला अधिक महत्त्व आहे.

बैलगाडीची धाव आणि ‘प्रेस फिट’

दोन भाग स्क्रू, रिव्हेट किंवा वेल्डिंग न वापरता केवळ घट्टपणाच्या जोरावर एकत्र धरून ठेवले असतील, तर त्या जोडाला कारखान्याच्या भाषेत ‘प्रेस फिट’ म्हणतात. यात भोक हे त्यात जाणाऱ्या दांड्यापेक्षा किंचित लहान ठेवलेले असते. दांडा जोराने आत दाबला, की भोवतालचा धातू ताणला जातो आणि तो ताण दांड्याला चहूबाजूंनी आवळून धरतो. धातू आपल्या मूळ आकाराकडे परत येऊ पाहतो आणि दांडा त्याला येऊ देत नाही, हेच या जोडाचे बळ.

ही युक्ती महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवायची लोखंडी धाव चाकाच्या परिघापेक्षा थोडी लहान केली जाई. ती गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, प्रसरण पावली की चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकसलेली धाव चाकाचे सारे सांधे आवळून टाकत असे. रेल्वेची चाकेही त्यांच्या आसावर याच तत्त्वाने, यंत्राच्या प्रचंड दाबाखाली बसवली जातात. ग्राइंडरमधील बेअरिंग हे त्याच तत्त्वाचे छोटे रूप होय.

येथील मापे मात्र अतिशय सूक्ष्म असतात. दहा मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर बेअरिंग बसवताना शाफ्ट आणि भोक यांतील फरक काही मायक्रॉनपासून फार तर पंधरा मायक्रॉनपर्यंत ठेवतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण साठ ते शंभर मायक्रॉन असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाची कल्पना येते. पिनियन वा गिअर यांसारख्या भार वाहणाऱ्या भागांसाठी हा फरक वीस ते तीस मायक्रॉनपर्यंत जातो.

एवढ्याशा फरकातून निर्माण होणारे बळ चकित करणारे असते. दहा मिलिमीटर भोकाचे आणि आठ मिलिमीटर रुंदीचे बेअरिंग दहा मायक्रॉनच्या घट्टपणाने बसले असेल, तर ते सरकवण्यास अंदाजे १८० ते १९० किलो वजनाइतका जोर लागतो. त्याच शाफ्टवर बारा मिलिमीटर लांबीचा पोलादी गिअर वीस मायक्रॉनच्या घट्टपणाने बसवला असेल, तर हिशेब एका टनाच्या जवळ जातो. त्यात वर्षानुवर्षांच्या गंजाची भर पडली, तर जोर आणखी वाढतो. हाताने ओढून हा भाग का निघत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

यंत्राच्या पोटात काय असते?

जर्मनीतील स्टुटगार्ट येथील फाइन या कंपनीने १८९५ मध्ये हातात धरून चालवायचे पहिले विद्युत ड्रिल बनवले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीला १९१७ मध्ये मिळाले. वेगाने फिरणारा अँगल ग्राइंडर १९५४ मध्ये आला. तो जर्मनीतील ज्या कंपनीने आणला, तिचे ‘फ्लेक्स’ हे नाव पुढे तेथे या यंत्राचेच नाव होऊन बसले. त्यानंतर प्लॅस्टिकचे आवरण आले, वजन कमी झाले. पण आतील मूळ मांडणी फारशी बदललेली नाही.

चार इंची ग्राइंडर उघडला, की मागच्या अर्ध्यात प्लॅस्टिकच्या आवरणात फील्डची गुंडाळी असते आणि तिच्या मधोमध आर्मेचर फिरते. आर्मेचरच्या मागच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्याच्याही मागे लहान बेअरिंग असते. पुढच्या बाजूला प्लॅस्टिकचा पंखा, त्यापुढे दुसरे, थोडे मोठे बेअरिंग आणि टोकाशी पिनियन. हे पिनियन ॲल्युमिनियमच्या गिअरबॉक्समधील मोठ्या क्राउन गिअरला फिरवते. तो गिअर स्पिंडलवर बसवलेला असतो आणि स्पिंडलवर चकती चढते. स्पिंडलचे आतले टोक गिअरबॉक्सच्या बंद भोकातील बुश किंवा सुईबेअरिंगमध्ये टेकलेले असते.

याचा अर्थ एवढ्याशा यंत्रात घट्ट बसवलेल्या चार-पाच जागा आहेत : आर्मेचरवरील दोन बेअरिंगे, काही मॉडेलांत पिनियन, स्पिंडलवरील गिअर व बेअरिंग आणि बंद भोकातील बुश. प्रत्येकीची अडचण निराळी आणि तिच्यावरील उपायही निराळा.

आधी खात्री, मग जोर

अनुभवी फिटर पहिला अर्धा वेळ पाहण्यात घालवतो. अडून बसलेला भाग पुष्कळदा घट्टपणामुळे अडलेला नसतोच. एखादी सर्क्लिप, बारीक पिन, बाजूने लावलेला बिनडोक्याचा स्क्रू किंवा ग्रीसखाली दडलेली पट्टी त्याला धरून असते. अशा भागावर कितीही जोर लावला, तरी तो तुटेल, पण सुटणार नाही.

कामाची सुरुवात प्लग सॉकेटमधून काढून करावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. आवरण उघडण्यापूर्वी दोन्ही कार्बन बाहेर काढावेत. ते जागेवर असताना आर्मेचर ओढले, तर कार्बनच्या कडा मोडतात आणि कम्युटेटरवर ओरखडे उठतात. गिअरबॉक्सचे स्क्रू काढल्यावर आर्मेचर पुढच्या बाजूने बाहेर येते. मागचे बेअरिंग बहुधा आवरणातील रबरी टोपीत किंवा सैल खाचेत असल्याने ते आर्मेचरसोबतच निघते. ती रबरी टोपी हरवू नये. तिच्याविना बेअरिंगचे बाहेरचे कडे आवरणात फिरू लागते आणि प्लॅस्टिक वितळते.

यानंतर सारे ग्रीस रॉकेलने धुऊन काढावे आणि चांगल्या उजेडात पाहावे. पिनियन नटने आवळलेले आहे का? असल्यास आटे कोणत्या दिशेचे आहेत? फिरण्याच्या दिशेमुळे काही यंत्रांत हे आटे डावे असतात आणि नेहमीच्या सवयीने सोडवायला गेल्यास नट अधिकच आवळला जातो. पुढच्या बेअरिंगला गिअरबॉक्समध्ये धरून ठेवणारी पातळ पट्टी स्क्रूने बसवली आहे का? भाग ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने एका ओळीत कागदावर मांडावेत. मोबाइलमध्ये छायाचित्र घेतल्यास अधिक उत्तम. वॉशर कोणत्या बाजूला होते, याचे उत्तर नंतर आठवून सापडत नाही.

जोर कोठे लावावा?

बेअरिंगला दोन कडी असतात. आतले कडे शाफ्टला आवळून बसते, बाहेरचे कडे आवरणात राहते आणि दोहोंच्या मध्ये गोळ्या फिरतात. जे कडे घट्ट बसले आहे, त्याच कड्यावर जोर लावावा, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम. शाफ्टवरून काढायचे तर आतल्या कड्याला धरून ओढावे. आवरणातून काढायचे तर बाहेरच्या कड्यावर दाब द्यावा.

हा नियम मोडला, तर सारा जोर गोळ्यांमधून जातो. गोळी आणि कडे यांचा स्पर्श एका बिंदूएवढा असतो. तेथे दाब इतका वाढतो की कठीण पोलादातही खळगे पडतात. स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल याने १९०० मध्ये धातूवर कठीण गोळी दाबून, पडलेल्या खळग्यावरून त्याचा कठीणपणा मोजण्याची रीत मांडली. त्याच्याच नावावरून बेअरिंगमधील अशा खळग्यांना ‘ब्रिनेलिंग’ म्हणतात. जुने बेअरिंग टाकूनच द्यायचे असेल, तर हे नुकसान सोसता येते. पण नवे बसवताना हीच चूक झाली, तर दुरुस्ती पहिल्या दिवसापासून फसलेली असते. म्हणूनच बाहेरचे कडे धरून ओढलेले चांगले बेअरिंग पुन्हा वापरू नये.

योग्य हत्यार : पुलर

बेअरिंग पुलर हे या कामाचे खरे हत्यार. दोन किंवा तीन नखे भागाच्या पाठीमागे अडकतात आणि मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकतो. पान्याने स्क्रू फिरवला, की बारीक आट्यांमुळे हाताच्या थोड्या जोरातून शेकडो किलोंचा ताण तयार होतो आणि तो नेमका शाफ्टच्या रेषेत लागतो. हातोडीपासून पुलर वेगळा ठरतो तो येथेच. हातोडीचा घाव क्षणिक असतो, किंचित तिरपा पडतो आणि शाफ्टला वाकवू शकतो. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेते, तर आर्मेचर तीस हजारांच्या घरात फिरते. त्या वेगाला डोळ्यांना न दिसणारा बाकही हाताला झिणझिण्या आणणारा कंप निर्माण करतो.

आर्मेचरच्या मागील बेअरिंगशी मोठी अडचण जागेची असते. बेअरिंग आणि कम्युटेटर यांमध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जागा असते. पुलरची जाड नखे तेथे शिरत नाहीत आणि शिरवण्याच्या प्रयत्नात कम्युटेटरच्या पट्ट्यांना किंवा त्यांना जोडलेल्या तारांना धक्का लागतो. तार तुटली, तर आर्मेचर रिवाइंडिंगला गेले असे समजावे. अशा जागी दोन अर्धगोल पात्यांचा सेपरेटर वापरतात. त्याची धारदार कड बेअरिंगच्या मागे शिरवून दोन बोल्टने हळूहळू आवळतात. ती बेअरिंगला थोडे पुढे ढकलते आणि मागून ओढण्यास भक्कम पकड देते. पुढील बेअरिंगच्या मागे प्लॅस्टिकचा पंखा असतो. पुलरची नखे किंवा कोणताही टेकू पंख्यावर येता कामा नये. पंख्याचे एक पाते मोडले, तरी तोल बिघडतो आणि वारा कमी झाल्याने मोटर तापते.

शाफ्टच्या टोकाला बारीक शंकूसारखा खळगा असतो. लेथवर शाफ्ट धरण्यासाठी तो केलेला असतो आणि पुढेही लागणारा असतो. पुलरच्या स्क्रूचे टोक थेट त्यात रुतवू नये; मध्ये पितळेचा तुकडा किंवा पोलादी गोळी ठेवावी. टोकावर आटे असतील, तर जुना नट टोकाच्या पातळीपर्यंत चढवून ठेवावा, म्हणजे आटे बसणार नाहीत.

ताण दिल्यावर लगेच यश आले नाही, तर अधिक आवळण्याऐवजी थांबावे. ताण तसाच ठेवून स्क्रूच्या डोक्यावर शाफ्टच्या सरळ रेषेत हातोडीची हलकी टिचकी मारावी. पुष्कळदा ‘टक्’ असा आवाज येऊन भाग जागा सोडतो. हा आवाज म्हणजे काहीतरी तुटले, असा नवख्याचा समज होतो. पण तो जोड सुटल्याचा आवाज असतो. पहिला मिलिमीटर सर्वांत कठीण. नंतरचे काम सोपे होत जाते.

तेल आणि उष्णता

पावसाळ्यात उघड्यावर काम केलेल्या यंत्रांत गंज हा घट्टपणाचा दुसरा भागीदार असतो. अशा वेळी गंज सोडवणारे पातळ तेल जोडाच्या कडेला सोडून यंत्र रात्रभर ठेवावे. तेल फटीत शिरण्यास वेळ लागतो. दहा मिनिटांत ते चमत्कार करील अशी अपेक्षा ठेवू नये. ते कम्युटेटरवर आणि गुंडाळीवर जाऊ नये म्हणून तेथे कापड गुंडाळावे. गंज नसलेल्या, केवळ दाबाने बसलेल्या जोडात तेलाचा उपयोग बेताचाच असतो.

उष्णता हा अधिक प्रभावी उपाय आहे. पोलादाचा दहा मिलिमीटर व्यास तापमानात शंभर अंश सेल्सिअसची वाढ झाली, की सुमारे बारा मायक्रॉनने वाढतो. शाफ्ट थंड ठेवून केवळ कडे ऐंशी-नव्वद अंशांनी अधिक तापवले, तर दहा मायक्रॉनचा घट्टपणा जवळजवळ नाहीसा होतो. मात्र उष्णता वेगाने द्यावी लागते. सावकाश तापवल्यास शाफ्टही तितकाच तापतो, दोघेही सारखेच फुगतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून आधी पुलरचा ताण द्यावा आणि नंतर हीट गनने कड्याला नेमकी झळ द्यावी.

गिअरबॉक्सच्या बाबतीत निसर्गच मदतीला येतो. ॲल्युमिनियम हे पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. २६ मिलिमीटर बाह्य व्यासाचे बेअरिंग ॲल्युमिनियमच्या खोबणीत अडले असेल आणि दोन्ही मिळून ऐंशी अंशांनी तापले, तरी खोबण बेअरिंगपेक्षा वीस मायक्रॉनहून थोडी अधिक मोठी होते. बॉक्स हीट गनने चहूबाजूंनी सारखा तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच चुरचुरला, की तापमान शंभर अंशांच्या पुढे गेले असे समजावे. मग जाड हातमोजे घालून बॉक्स लाकडी फळीवर सपाट आपटावा. बेअरिंग बहुधा स्वतःच्या वजनाने खाली पडते. पुष्कळांना ही गोष्ट पाहिल्याशिवाय खरी वाटत नाही.

येथे मर्यादाही जाणल्या पाहिजेत. आर्मेचरच्या गुंडाळीवर वार्निशचा आणि विद्युतरोधक कागदाचा थर असतो. वर्गानुसार तो १३० ते १८० अंशांपर्यंतचे तापमान सोसतो. गॅसच्या ज्वालेचे तापमान त्याच्या कित्येक पट असते. म्हणून आर्मेचरवर ज्वाला कधीही धरू नये. बेअरिंग पुन्हा वापरायचे असेल, तर ते सुमारे १२० अंशांपेक्षा अधिक तापवू नये, अन्यथा ग्रीस आणि रबरी झाकणे बिघडतात. आधी तेल किंवा रॉकेल वापरले असेल, तर ते पूर्ण पुसून, सुकल्यावरच उष्णता द्यावी. काही कारखान्यांत घट्टपणाबरोबरच चिकटवणारा द्रवही लावलेला असतो. असा जोड तापवल्याशिवाय सहसा सुटत नाही.

बंद भोकातील बुश

गिअरबॉक्सच्या तळाशी असलेला बुश किंवा सुईबेअरिंग हा साऱ्या प्रकारांतील चिवट प्रकार. मागून ढकलण्यास भोक नाही आणि पुढून धरण्यास कड नाही. आतून उघडणारा पुलर असल्यास उत्तम. नसल्यास जुन्या फिटरांची एक युक्ती कामी येते. बुशचे भोक ग्रीसने काठोकाठ भरावे, त्यात अगदी घट्ट जाणारी गोल सळई ठेवावी आणि तिच्यावर हातोडीने ठोकावे. ग्रीस दबत नाही. बाहेर पडण्यास वाट नसल्याने ते बुशच्या खालच्या कडेवर दाब देते आणि बुश वर सरकू लागतो. बंद द्रवातील दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम येथे काम करतो. ग्रीस कमी झाले की पुन्हा भरावे. ग्रीसऐवजी ओल्या कागदाचा लगदाही चालतो. सळई सैल असेल, तर ग्रीस तिच्या कडेने उडते आणि बुश जागेवरच राहतो. सळईचे माप हीच या युक्तीची गुरुकिल्ली आहे. तळाला आरपार भोक असल्यास ती चालत नाही.

शेवटचा मार्ग : कापणे

पुलर निसटतो, बाहेरचे कडे गोळ्यांसह निघून येते आणि आतले कडे तेवढे शाफ्टवर उरते, असेही होते. असे कडे करवतीने कापले जात नाही आणि साधे ड्रिलही त्यात शिरत नाही, कारण बेअरिंगचे पोलाद कडक केलेले असते. येथे बारीक चकती लावलेले छोटे ग्राइंडिंग यंत्र लागते. कड्यावर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने तिरपी खाच पाडावी, पण शाफ्टला स्पर्श होण्याआधी थांबावे. उरलेला पातळ पापुद्रा खाचेत छिन्नी ठेवून एका घावात तडकतो आणि आवळ सुटतो. खाचेचा रंग आणि ठिणग्यांचा आवाज यांवर लक्ष ठेवून घाई न करता काम करावे. शाफ्टवर ओरखडा उठला, तर नव्या बेअरिंगची बसणी बिघडते.

सर्वांत मोठा धोका याच टप्प्यावर असतो. कडक पोलाद वाकत नाही, ते फुटते. त्याची कपची डोळ्यात गेली, तर जन्माचे नुकसान होते. म्हणून कडे तडकवताना त्यावर जाड कापड टाकावे आणि पूर्ण बंद असणारा सुरक्षा चष्मा घालावा. नेहमीचा नंबरचा चष्मा त्यास पर्याय नाही. हातोडी थेट बेअरिंगवर मारू नये. दोन कडक पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर आदळले, की कपची उडण्याचा संभव सर्वाधिक असतो. मध्ये पितळेचा किंवा नरम लोखंडाचा पंच ठेवावा. पुलर वापरतानाही त्याच्या समोर तोंड धरू नये. ताणाखाली नख निसटल्यास ते वेगाने उडते.

नवे बसवताना

जुने बेअरिंग फेकण्यापूर्वी त्यावरील क्रमांक टिपून घ्यावा. चार आकडी क्रमांकातील शेवटचे दोन अंक भोकाचे माप सांगतात : ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७ आणि ०४ पासून पुढे त्या अंकाला पाचाने गुणावे. ६०८, ६२७, ६२९ अशा तीन आकडी क्रमांकांत शेवटचा अंकच मिलिमीटरमधील भोक असतो. पुढील अक्षरे झाकणाचा प्रकार सांगतात. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण, ‘टूआरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी झाकण. धुळीत चालणाऱ्या ग्राइंडरमध्ये जे मूळचे होते, तेच घ्यावे. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी ही अशा सामानासाठी ओळखीची ठिकाणे. बेअरिंगमध्ये नकली माल पुष्कळ असल्याने छपाईची सुबकता आणि विक्रेत्याची खात्री दोन्ही पाहावीत.

शाफ्ट स्वच्छ पुसून बोटाने चाचपावा. त्यावर चकचकीत, झिजलेला पट्टा दिसला, तर जुने बेअरिंग शाफ्टवर फिरत होते, असे समजावे. नवे बेअरिंग अशा शाफ्टवर हाताने सहज सरकले, तर ती आनंदाची बाब नव्हे. घट्टपणा गेलेला आहे. शाफ्टवर पंचने खुणा पाडून बेअरिंग आवळण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्या खुणा चपट्या होताच बेअरिंग पुन्हा सैल होते आणि तेही वाकडे. शाफ्ट लेथवाल्याला दाखवून उपाय ठरवणे अधिक शहाणपणाचे.

बसवताना आतल्या कड्यावरच टेकेल, अशा मापाची नळी घ्यावी आणि दाबयंत्राने किंवा व्हाइसच्या जबड्यात सरळ रेषेत दाब द्यावा. आर्मेचर प्लॅस्टिकच्या थैलीत गुंडाळून काही तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास शाफ्ट किंचित आकसतो आणि काम हलके होते. बसवल्यानंतर मात्र त्यावर जमलेली वाफ पूर्ण वाळू द्यावी. बेअरिंग खांद्याला टेकताच हातोडीचा आवाज बदलतो, त्यानंतर एकही घाव अधिक घालू नये.

जोडणी झाल्यावर यंत्र प्रथम हाताने फिरवून पाहावे. खरखर, अडखळ वा बाजूची हालचाल नसावी. मग चकती न लावता, तोंडापासून दूर धरून, मिनिटभर चालवावे. शंभर मिलिमीटरची चकती अकरा हजार फेऱ्यांना काठाशी सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. तोल बिघडलेल्या स्पिंडलवर अशी चकती फुटली, तर तिचे तुकडे त्याच वेगाने येतात. म्हणून गार्ड बसवल्याशिवाय चाचणी संपली असे मानू नये.

कधी थांबावे?

प्रत्येक दुरुस्ती घरी केलीच पाहिजे असे नाही. पुलरचा स्क्रू वाकू लागला, शाफ्टचे टोक पसरू लागले किंवा कम्युटेटरच्या पट्ट्या हलताना दिसल्या, तर तेथेच थांबावे. मोटर वाइंडिंग करणाऱ्या बहुतेक दुकानांत दाबयंत्र आणि सेपरेटर असतात; जे काम घरी दोन तास अडते, ते तेथे दोन मिनिटांत होते आणि त्याची मजुरीही बेताची असते. अर्धवट ठोकलेला भाग घेऊन जाण्यापेक्षा न ठोकलेला नेलेला बरा, असे कोणताही वाइंडर सांगेल.

जो जोड मायक्रॉनच्या हिशेबाने बसवला, तो सोडवतानाही तोच हिशेब पाळावा लागतो. भाग कशाने अडला आहे हे आधी ओळखावे, जे कडे घट्ट आहे त्यालाच धरावे, सरळ रेषेत ताण द्यावा आणि नेमक्या जागी ऊब द्यावी. एवढे सांभाळले, तर हातोडी बहुतेक वेळा पेटीतच राहते. आर्मेचर वाचते, डोळे वाचतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर ग्राइंडरचा तोच कर्कश, पण निरोगी आवाज पुन्हा सुरू होतो.